पट्टी किती रुंद, किती लांब? २.४५ गिगाहर्ट्झचा कपलर

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर वायफायचा रेडिओ एकच आहे आणि सिग्नल शाळेकडेही हवा, तांड्याकडेही. तो दोन अँटेनांना निम्मा-निम्मा वाटायला ब्रँच-लाइन कपलर चालतो. हा म्हणजे तांब्याच्या चार पट्ट्यांचा चौकोन: समोरासमोरच्या दोन ५० ओहमच्या, उरलेल्या दोन ३५.३६ ओहमच्या (५० भागिले √२). हे ओहम म्हणजे पट्टीचा इंपिडन्स, मल्टिमीटरने मोजायचा रोध नव्हे. प्रत्येकीची लांबी पाव तरंगलांबी. बोर्डाच्या खालच्या बाजूचे तांबे अखंड ठेवायचे.

साधा एफआर-४ (काचतंतूचा सर्किट) बोर्ड घेऊ: जाडी १.६ मिमी, परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट; तो जितका मोठा तितकी लहर हळू) ४.४. नेहमीच्या सूत्रांनी ५० ओहमची पट्टी ३.०६ मिमी रुंद येते, ३५.३६ ओहमची ५.२२ मिमी.

गणित फसते ते लांबीत. पट्टीखाली बोर्ड असतो, वर हवा. बैलगाडीचे एक चाक डांबरी सडकेवर आणि दुसरे काळ्या मातीत असावे तसे हे. लहरीचा वेग मधलाच कुठलातरी होतो. म्हणून ४.४ नव्हे, परिणामी अंक घ्यायचा: अरुंद पट्टीसाठी ३.३३, रुंद पट्टीसाठी ३.४९. हवेतली पाव तरंगलांबी ३०.६ मिमी. तिला या अंकांच्या वर्गमुळाने भागले की १६.८ आणि १६.४ मिमी मिळतात. सरळ ४.४ वापरला तर १४.६ मिमी येतात आणि कपलर २.८ गिगाहर्ट्झला जाऊन बसतो. ही लांबी चौकोनाच्या कोपऱ्यांत पट्ट्यांच्या मध्यरेषांपासून मोजायची, कडेपासून नाही.

तरीही ४.४ वर डोळे झाकून विसंबू नका. एफआर-४ चा हा आकडा गठ्ठ्यागणिक बदलतो. आधी त्याच बोर्डाच्या तुकड्यावर ५० ओहमची सरळ पट्टी काढा आणि तिला मध्यावर ५० मिमी लांबीचा, टोक मोकळे असलेला फाटा जोडा. नॅनोव्हीएनएवर (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पार जातो ते दाखवणारे हातातले यंत्र) सिग्नल पहिल्यांदा खोल पडतो तो ०.८१ गिगाहर्ट्झजवळ, म्हणजे स्वस्त मॉडेलही पुरते. मोकळ्या टोकामुळे फाटा ०.६ मिमी जास्त लांब असल्यासारखा वागतो, म्हणून ५०.६ धरा. ७५ ला गिगाहर्ट्झ आणि मिलिमीटर यांच्या गुणाकाराने भागून वर्ग केला की परिणामी अंक हाती येतो. तो ३.४६ निघाला तर बोर्ड ४.६ चा आहे. जुन्याच मापांनी कपलर २.४० ला लागेल.

रुंदी त्या मानाने माफ करते. मे महिन्यात आपल्याकडे फेरिक क्लोराइड आधीच तापलेले असते, एचिंग (नको असलेले तांबे विरघळवणे) भराभर होते आणि बोर्ड जास्त वेळ राहिला तर तांबे कडेनेही खाल्ले जाते. ०.२ मिमी गेले तरी ५० चे ५२ ओहम होतात, चालेल. बोर्डावर उतरवायच्या चित्राची छपाई मात्र १०० टक्के मापातच हवी. कागदावर बसवण्यासाठी प्रिंटरने चित्र आक्रसले की सगळी लांबीच जाते, म्हणून कागद आधी व्हर्नियरने मोजा.

चौकोनाचे चौथे टोक, म्हणजे रेडिओ आणि दोन अँटेना जोडल्यावर उरलेला कोपरा, मोकळे सोडू नका. तिथे १०० ओहमचे दोन ०८०५ मापाचे (चपटे, छोटे) रेझिस्टर समांतर जोडून ग्राउंडला, म्हणजे खालच्या तांब्याला द्या, भोक अगदी शेजारी पाडून. तिथे ५० ओहम नसले तर एका अँटेनाकडून परतलेला सिग्नल दुसरीत घुसतो.