कमी कार्बनचे, चक्रीय बांधकाम: परदेशी भागीदारांसह संशोधनासाठी अर्ज करताना

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू आहे, आणि त्यातून निघणारा राडारोडा हा पुण्यातील स्थापत्य संशोधकांसाठी दारात आलेला कच्चा माल आहे. तो पुन्हा काँक्रीटमध्ये कसा घालावा, सिमेंटचा वाटा किती कमी करता येईल, इमारत पाडण्याऐवजी तिचे भाग सुटे करून पुन्हा वापरता येतील का, या प्रश्नांवर युरोपातील विद्यापीठेही काम करत आहेत. त्यामुळे परदेशी भागीदार मिळणे आता तितकेसे अवघड नाही. अर्ज अडतो तो बहुधा दुसऱ्याच ठिकाणी: भारतीय बाजूचा खर्च कोण करणार, हे प्रस्ताव लिहून झाल्यावर विचारले जाते. हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण पात्रता आणि कागदपत्रे त्याच्या उत्तरावर ठरतात.

युरोपीय संघाचा होरायझन युरोप हा कार्यक्रम २०२१ ते २०२७ या काळासाठी आहे. त्यातील सहयोगी प्रकल्पांसाठी तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा संलग्न (करार करून कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतील किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात आणि त्यांपैकी किमान एक सदस्य देशातील असावी लागते. भारतीय संस्था या तिघांच्या पलीकडे चौथी, पाचवी म्हणून सामील होऊ शकते. मात्र ज्या देशांतील संस्थांना आपोआप निधी मिळतो, त्यांच्या यादीत भारत नाही. विशिष्ट आवाहनात, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेत, तशी तरतूद असेल किंवा भारतीय संस्थेचा सहभाग प्रकल्पासाठी अत्यावश्यक ठरवला गेला असेल, तरच युरोपीय पैसा मिळतो. एरवी ती ‘सहयोगी भागीदार’ म्हणून नोंदली जाते, म्हणजे काम करते, परंतु अनुदान करारावर सही करत नाही आणि खर्चही मागत नाही. केवळ नावासाठी हे स्थान स्वीकारू नये. प्रयोगशाळेतील वेळ, संशोधन सहायकाचे मानधन आणि प्रवासखर्च कोणत्या लेखाशीर्षातून जाईल, हे संस्थेच्या वित्त विभागाकडून लेखी घ्यावे.

दुसरा मार्ग द्विपक्षीय कार्यक्रमांचा आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या आवाहनांत भारतीय आणि परदेशी संशोधक आपापल्या देशातील निधी देणाऱ्या संस्थेकडे एकच प्रस्ताव स्वतंत्रपणे दाखल करतात. एकाच बाजूने आलेला अर्ज विचारात घेतला जात नाही. यांतील अनेक आवाहने प्रामुख्याने भेटी आणि मुक्कामाचा खर्च देतात, त्यामुळे काँक्रीट चाचणीचे यंत्र त्यातून घेण्याचा बेत आखण्याआधी अनुज्ञेय खर्चाचा परिच्छेद वाचावा. २०१० मध्ये स्थापन झालेल्या भारत-जर्मनी विज्ञान आणि तंत्रज्ञान केंद्राच्या ‘दोन अधिक दोन’ योजनेत प्रत्येक देशातून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग असे चार भागीदार लागतात. बांधकाम क्षेत्राला ही रचना चांगली मानवते, कारण पुण्याभोवती तयार काँक्रीटचे कारखाने आणि क्रशसँडचे उत्पादक मोठ्या संख्येने आहेत. फ्रान्ससाठी १९८७ पासून सेफिप्रा हे भारत-फ्रान्स संशोधन केंद्र आहे. शिक्षण मंत्रालयाच्या ‘स्पार्क’ योजनेत भारतीय संस्थेच्या एनआयआरएफ, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतील स्थानाची अट असते. तेथे विषय कितीही चांगला असला तरी क्रमवारीबाहेरच्या महाविद्यालयाने मुख्य अर्जदार होण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

पीएच.डी. झालेल्या तरुण संशोधकांसाठी युरोपीय संघाची मारी स्क्वोदोफ्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती हा वेगळा पर्याय आहे. तेथे पैसा युरोपातील यजमान संस्थेकडे जातो आणि भारतीय नागरिक अर्ज करू शकतात. अट अशी की पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा अधिक नसावा आणि अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला किंवा काम करत असलेला नसावा.

परदेशी अनुदान थेट पुण्यातील संस्थेच्या खात्यात येणार असेल, तर एफसीआरए, २०१० हा परदेशी निधीचे नियमन करणारा कायदा लागू होतो, आणि येथे घाई करणाऱ्याला सर्वाधिक फटका बसतो. नियमित नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा. हा अर्ज एफसी-३ए नमुन्यात होतो. नव्या संस्थेसाठी विशिष्ट देणगीदार आणि विशिष्ट कामापुरती पूर्वपरवानगी, म्हणजे एफसी-३बी, हा मार्ग आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुरता मर्यादित आहे आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. या शेवटच्या अटीचा अर्थ असा की मुख्य महाविद्यालयाने पैसे घेऊन शेजारच्या महाविद्यालयाला वाटून देण्याची आपल्याकडची सोयीची पद्धत येथे चालत नाही. कायद्याने स्थापन झालेल्या काही शासकीय संस्थांना सूट आहे. आपली संस्था तीत बसते का, याची खात्री कुलसचिव कार्यालयाने आधी करून घ्यावी.

कागदपत्रांपैकी मुख्य संशोधकाचा बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी एका संध्याकाळी तयार होते. वेळ जातो तो संस्थाप्रमुखाच्या अनुमोदनपत्राला. त्यात मुख्य संशोधक नियमित सेवेत आहे, प्रकल्पकाळात त्याची पुरेशी सेवा शिल्लक आहे आणि मूलभूत सुविधा संस्था पुरवील, असे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. आवाहनातील नमुन्यातील एकही शब्द बदलू नये. आमच्या परिचयातील एका महाविद्यालयात हे पत्र सुंदर मराठीत, संस्थेच्या लेटरहेडवर तयार झाले आणि नमुना इंग्रजीत असल्यामुळे अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी पुन्हा सहीसाठी फिरले. खासगी संस्थांकडे अनेकदा डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, संशोधन संस्था म्हणून मान्यता मागितली जाते. युरोपीय अर्जासाठी मात्र प्रथम युरोपीय संघाच्या ऑनलाइन सहभागी नोंदवहीत नाव घालून नऊ अंकी ओळख क्रमांक घ्यावा लागतो. विद्यापीठाला तो बहुधा आधीच मिळालेला असतो. विभागाने स्वतंत्र नवीन क्रमांक काढू नये.

या विषयात आणखी काही कागद लागतात, जे सर्वसाधारण मार्गदर्शिकांत नसतात. राडारोडा कोठून आला, याची नोंद त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची. सहकारी सोसायटीच्या पाडकामातून नमुने घ्यायचे असतील, तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विकसकाचे पत्र दोन्ही घ्यावीत, कारण इमारत एकदा विकसकाच्या ताब्यात गेली की केवळ सचिवांच्या तोंडी होकाराला आधार राहत नाही. रहिवाशांची वीजबिले अभ्यासायची असल्यास डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन संमतिपत्राचा नमुना प्रस्तावालाच जोडावा. तांत्रिक भागात आयएस ३८३:२०१६ या काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानकाचा उल्लेख असणे उपयोगी ठरते. हे मानक पुनर्वापरातील जाड खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ या प्रतीपर्यंतच्या प्रबलित (लोखंडी सळयांच्या) काँक्रीटमध्ये २० टक्के इतकी मुभा देते, म्हणून त्यापुढील प्रमाणावरचा प्रयोग हा संशोधनाचा भाग आहे, थेट वापराचा नाही, हे परीक्षकाला लगेच कळते.

प्रस्तावाची उपयुक्तता दाखवताना चुनखडी आणि भाजलेल्या चिकणमातीच्या सिमेंटचा, म्हणजे एलसी३चा, दाखला द्यावा. स्वित्झर्लंडमधील लोझानची तंत्रसंस्था, क्यूबातील विद्यापीठ आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांच्या सहकार्यातून हे काम उभे राहिले आणि २०२३ मध्ये त्याला आयएस १८१८९ हे भारतीय मानक मिळाले. संशोधन मानकापर्यंत कसे पोहोचेल, हे तीन ओळींत सांगू शकणारा अर्ज परिणामाच्या रकान्यात पुढे जातो. होरायझनमध्ये उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी या प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण असतात. सर्वसाधारणपणे प्रत्येकात किमान तीन आणि एकूण किमान दहा गुण लागतात, परंतु दहा गुण मिळवणारा प्रस्ताव क्वचितच निधीच्या रेषेवर येतो.

भागीदारी करारात बौद्धिक संपदेचे कलम लिहिताना पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम ३९ विसरू नये: भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात थेट पेटंट अर्ज करायचा असल्यास लेखी परवाना लागतो, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. युरोपीय भागीदाराच्या वकिलाला हे ठाऊक असेलच असे नाही.

होरायझनमध्ये निकाल अंतिम तारखेनंतर साधारण पाच महिन्यांत आणि करारावरील सही आठ महिन्यांत अपेक्षित असते. भारतीय अनुदान मिळाल्यास दर आर्थिक वर्षाला सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नमुना १२-ए प्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरण द्यावे लागते. पुढचा हप्ता त्यावरच सुटतो, म्हणून संशोधन सहायकाच्या नियुक्तिपत्रात त्याच्या मानधनाचे लेखाशीर्ष पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावे.