हात लागला म्हणून पक्षीण पिल्लू टाकत नाही

कमाटीबागेत सहलीला आलेल्या मुलांना खाली पडलेलं पिल्लू दिसलं की कोणी ना कोणी मोठं माणूस ओरडतंच, "हात लावू नका, आई त्याला टाकेल!" बडोद्यात आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं जातं. पण ते खरं नाही. बहुतेक पक्षी पिल्लांना वासावरून ओळखत नाहीत, त्यामुळे माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लाला सोडत नाहीत. ते जवळ येत नाहीत, कारण आपण तिथे घोळका करून उभे असतो.

अंगावर पिसं नसलेलं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं. घरटं हाती लागत असेल तर अलगद उचलून परत ठेवावं. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र बहुधा हरवलेलं नसतंच. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आई-बाप त्यांना झुडपात येऊन भरवतात. अशा पिल्लाला खोक्यात घालून घरी नेणं, चोचीत पाणी ओतणं हाच खरा धोका, कारण पाणी श्वासनलिकेत जातं. मांजर-कुत्रं जवळ असेल तर पिल्लाला लगतच्या झुडपात ठेवा आणि मुलांना लांबून बघू द्या. चोचीत अळी धरून आई येताना त्यांना दिसेल.