काचेवर चढणारं झुरळ नको

स्वयंपाकघरातलं झुरळ गुळगुळीत टाइलवरून सरळ वर जातं ते पायाच्या टोकाशी असलेल्या एका मऊ गादीच्या जोरावर. दोन नख्यांच्या बेचक्यात ही गादी असते. खडबडीत लाकडावर नख्या रुततात, काचेवर गादी चिकटते. प्राणिसंग्रहालयात झुरळांची मोठी काचपेटी मांडायची झाली, तर रंग, आकार, मूळ देश यांच्याआधी ही गादीच बघावी लागते. जिला काच चढता येत नाही, ती जात भिंतीआड निमूट नांदते. जिला येते, ती पहिल्याच रात्री झाकणाची फट शोधते.

निवडीला वाव मात्र भरपूर. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत आणि माणसाच्या घराची चटक लागलेल्या त्यांतल्या फार तर तीसेक. बाकीच्या रानात पालापाचोळा कुरतडत असतात, आपल्या ओट्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

प्रदर्शन म्हटलं की सगळ्यांना आधी आठवतं ते मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ. पाच ते साडेसात सेंटिमीटर लांब, पंख अजिबात नाहीत, नराच्या मानेमागे दोन टेंगळं. बहुतेक आवाजी कीटक अंगाचा एक भाग दुसऱ्यावर घासून आवाज काढतात. हे मात्र पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांतून हवा जोरात बाहेर सोडतं. मुलांना ते हातावर घ्यायला आवडतं. पण काच चढण्यात ते वस्ताद, आणि पिल्लंही आईच्या वरताण. पेटीच्या वरच्या कडेला आतून पेट्रोलियम जेलीचा रुंद पट्टा लावला तर अडतात, पण जेली धुळीने माखते, पट्टा पुन्हा पुन्हा लावावा लागतो. माझं मत विचाराल तर त्यांना वेगळी, घट्ट झाकणाची छोटी पेटी द्यावी.

मोठ्या पेटीचा मान मध्य अमेरिकेतल्या ब्लाबेरस जायगँटिअसचा. मादी दहा सेंटिमीटरपर्यंत जाते, पंख फिकट मधाच्या रंगाचे, अंग इतकं चपटं की सालीच्या फटीत कागदासारखं सरकतं. गुहांमध्ये आणि पोकळ झाडांत राहणारी ही जात. गुळगुळीत काच तिला चढता येत नाही. तिच्या जोडीला त्याच भागातलं, अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसणारं आर्किमँड्रिटा टेसेलाटा शोभतं. प्रौढ सालींवर, पिल्लं खाली मातीत, असे मजले आपोआप पडतात.

इथेच नवखे फसतात. पिल्लं महिनोन् महिने पाचोळ्यात गाडून घेतात आणि बघणाऱ्याला पेटी रिकामी वाटते. त्यामुळे खाली कोकोपीट आणि वाळक्या पानांचा जाड थर हवाच, पण सालीचे मोठे तुकडे उभे, काचेपासून थोड्या अंतरावर लावावेत, म्हणजे त्यांवर बसलेले प्रौढ समोरून दिसतात. उभ्या सालींचा आणखी एक उपयोग आहे. कात टाकताना झुरळ उलटं लटकतं, आणि जुनं कवच फाटून बाहेर येतं ते दुधासारखं पांढरं, मऊ, फक्त डोळे काळे. कवच टणक व्हायला काही तास जातात. तेवढ्यात गर्दी झाली, पाणी किंवा प्रथिनं कमी पडली, तर शेजारीच त्याचे पंख कुरतडतात.

एकाच वंशाच्या दोन जाती एकत्र कोंबू नयेत, संकर होऊन शेवटी कोणाचं नाव पाटीवर लिहायचं हाच प्रश्न उरतो. पाली-सरड्यांचं खाद्य म्हणून पाळलं जाणारं दुबियाही इथे नको. ते इतक्या भराभर वाढतं की बाकीच्यांना जागाच उरत नाही.

दिवे उलटे चालवावेत. झुरळाच्या डोळ्यांत अतिनील आणि हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, तांबड्याची त्याला जवळजवळ गंधवार्ता नसते. दिवसा मंद तांबडा दिवा आणि रात्री पांढरा लावला की काही दिवसांत त्यांची रात्र आपल्या दुपारी पडते आणि लोकांसमोर ती हिंडू लागतात.

एवढं सगळं परदेशी सामान जमवण्याआधी घरचं एक झुरळ बघून घ्यावं. थेरिया पेटिव्हेरियाना दक्षिण भारतातल्या झुडपी रानात राहतं. जगभरचे हौशी लोक ते पाळतात, आपल्याकडे फारसं कोणी ओळखत नाही. गोलसर काळं अंग, त्यावर पांढरे मोठे ठिपके, डॉमिनोच्या सोंगटीसारखे. आम्ल फवारणाऱ्या सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याची ही नक्कल मानली जाते. पिल्लं पाचोळ्याखाली मातीत वाढतात, प्रौढांचं आयुष्य थोड्या महिन्यांचं. म्हणून एकाच वयाची पिल्लं आणू नयेत, नाहीतर सगळी एकदम वर येतात आणि एकदमच संपतात. डावा पंख उजव्यावर चढलेला असतो. डाव्यावर चार पांढरे ठिपके, उजव्यावर तीन. उजव्याचा चौथा ठिपका डाव्याखाली झाकला जातो, आणि तो नारिंगी असतो.