हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर ओठ ओढून बघू नका

‘डॉक्टर, हिरडी परत वाढेल का?’ असं रोज कोणीतरी विचारतं. आपोआप वाढत नाही. तेलाने, गोळीने किंवा महागड्या पेस्टनेही नाही. हिरडी सरकून उघडं पडलेलं दाताचं मूळ झाकायचं तर शस्त्रक्रियाच करावी लागते. पण नुसतं थंडीत नळाचं पाणी दाताला लागतंय, एवढीच तक्रार असेल तर बऱ्याचदा मुळावर औषधाचा थर देऊन भागतं. तसं असेल तर आम्ही तेच सांगतो.

शस्त्रक्रियेत सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे तोंडातल्या टाळूच्या आतला पातळ थर काढून मुळावर बसवायचा आणि त्यावर शेजारची हिरडी ओढून टाके घालायचे. टाळूचं नाव काढलं की लोक दचकतात. भूल दिलेली असते. नंतर काही दिवस गरम चहाने पोळल्यासारखी टाळू हुळहुळते, एवढंच. खालच्या पुढच्या दातांजवळ घट्ट हिरडीच उरली नसेल तर टाळूची वरची कातडी लावतो. तिथे फिकट डाग राहतो, हे आधीच सांगून ठेवतो. ‘बिनटाक्याची’ पिनहोल पद्धतही आहे. बारीक छिद्रातून हिरडी सैल करून सरकवतात आणि आत कोलॅजन या प्रथिनाच्या पट्ट्या बसवतात. हिरडी मुळातच पातळ असेल तर मात्र आम्ही टाळूचाच थर सुचवतो, कारण त्याने जाडी वाढते. दोन दातांमधलं हाड झिजलं असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाईल असा शब्द आम्ही देत नाही. कोणी देत असेल तर एक्स-रे दाखवून नीट विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. घरी गेल्यावर आरशासमोर ओठ खाली ओढून टाके बघायचे, मग फोटो काढून बहिणीला पाठवायचा. यामुळे केलेलं काम वाया जातं. उघड्या मुळातून रक्तपुरवठा मिळत नाही. बसवलेला थर पहिले दोन-तीन दिवस आजूबाजूच्या द्रवावर तग धरतो, मग हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. ओठ ओढला की हिरडी हलते, खालचा थर केसभर सरकतो आणि जोडणी तुटते. मग महिनोन्महिने थांबून पुन्हा टाळूला हात लावायचा. फोटो हवाच असेल तर टाके काढायला याल तेव्हा आम्ही काढून देऊ. टाके काढण्याचे वेगळे पैसे घेत नाही.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. तोवर त्या जागी ब्रश लावायचा नाही, सांगितलेल्या औषधी पाण्याने चूळ भरायची. त्याने दात थोडे तपकिरी पडले तर घाबरू नका, ते पॉलिशने निघतं. मिसळ या दिवसांत बंद. तर्री न घेता खाल्ली तरी शेव टोचते.

मिश्री, तंबाखू, सिगारेट सुटल्याशिवाय आम्ही ही शस्त्रक्रिया करत नाही. त्याने रक्तपुरवठा मंदावतो आणि थर धरत नाही. यावरून काही जण रागावून जातात, तरी आमचा नियम तोच.

पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया का करत नाही, असंही विचारतात. आधी दातांवरचा खडा काढून सूज उतरू द्यावी लागते आणि घासण्याची पद्धत बदलावी लागते. दात आडवे खसाखसा घासून हिरडी सरकली असेल, तर नवी हिरडीही त्याच वाटेने जाईल. म्हणून तपासणीला येताना सध्याचा ब्रश सोबत आणा. केस बाहेर फाकलेले असतील तर बदलून मऊ ब्रश देऊ आणि कसा फिरवायचा तेही दाखवू. खर्चाचा आकडा दात आणि एक्स-रे बघूनच सांगता येतो, फोनवर नाही.