घरातील माइट ओळखताना नमुना चिकटपट्टीवर का घेऊ नये
(सूक्ष्मदर्शकाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून सूक्ष्मदर्शक घेतलेले ग्राहक घरात सापडलेल्या बारीक जीवांचे नमुने किंवा छायाचित्रे पाठवून हा माइट (कोळ्याच्या वर्गातील अतिशय बारीक जीव) आहे का, आणि असल्यास कोणता, असे नेहमी विचारतात. ओळख पटवून देण्याचे हे काम आम्ही आवडीने करतो. मात्र आलेल्या नमुन्यांपैकी बरेचसे पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबलेले असतात आणि आमचे काम तिथेच अडते. असा नमुना आम्ही उत्तर न देता परत का करतो आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

मुंगी किंवा ढेकूण ओळखण्यासाठी चिकटपट्टी चालते, कारण त्यांचे शरीर टणक आणि पुरेसे मोठे असते. धुळीतील माइट साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर लांबीचा, मऊ आणि अर्धपारदर्शक असतो. चिकटपट्टी दाबताच त्याचे शरीर फुटते, पाय पोटाखाली दुमडतात आणि ज्या केसांच्या लांबीवरून व मांडणीवरून त्याचा गट ठरतो, ते केस गोंदात बसून दिसेनासे होतात. भोवती अडकलेले हवेचे गोल बुडबुडे अनेकांना अंडी वाटतात. असा नमुना विद्रावकाने सोडवून घेण्यात बराच वेळ जातो आणि तरीही अनेकदा हाती फक्त तुकडे लागतात. खिडकीच्या चौकटीवरून काही चालत येते आहे का, हे पाहण्यासाठी चिकटपट्टी सापळा म्हणून जरूर लावावी. ओळखीसाठीचा नमुना मात्र वेगळा घ्यावा.

योग्य पद्धत सोपी आहे. बारीक टोकाचा रंगकामाचा ब्रश ७० टक्क्यांच्या आसपासच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून त्याचे टोक जीवाला अलगद टेकवले, की तो ओलाव्याने ब्रशला लागून येतो. मग ब्रश अल्कोहोलच्या लहान कुपीत हलवावा. हात स्वच्छ करण्याचे जेल यासाठी वापरू नये, कारण त्यातील घट्ट करणारा पदार्थ नमुन्याभोवती राहून दृश्य गढूळ करतो. निरीक्षणाच्या वेळी स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब घेऊन त्यात जीव ठेवावा आणि कव्हरस्लिपच्या, म्हणजे वरून झाकायच्या पातळ काचेच्या, एका कडेखाली दोऱ्याचा छोटा धागा सरकवावा, म्हणजे काचेच्या भाराने शरीर चेपत नाही. कव्हरस्लिप बोटाने किंचित सरकवली तर जीव थेंबात कुशीवर वळतो आणि वरून न दिसणारे पाय मोजता येतात.

दुसरी अडचण नमुना किती पट मोठा करून पाहावा याची आहे. बरेच जण थेट ४० पटींचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडचे भिंग, लावतात. १० पटींच्या आयपीससह (डोळ्याकडच्या भिंगासह) ते ४०० पट मोठे दाखवते, पण दृष्टिक्षेत्राचा व्यास त्या वेळी जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. संपूर्ण माइट त्यात कसाबसा मावतो आणि एक पाय स्पष्ट केला की दुसरा अस्पष्ट होतो. ४ पटींच्या ऑब्जेक्टिव्हने सुरुवात करावी, पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्र किती मिलिमीटरचे आहे ते एकदा मोजून ठेवावे आणि त्यावरून जीवाची लांबी काढावी. लांबी कळली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. बारीक केस दिसत नसतील तर प्रकाश वाढवण्याऐवजी डायफ्रॅम, म्हणजे स्लाइडखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडा बंद करावा.

आता ओळखीकडे. सर्वप्रथम शृंगिका, म्हणजे डोक्यापुढील स्पर्शिका, आहेत का ते पाहावे. माइटला शृंगिका नसतात आणि त्याचे डोके वेगळे दिसत नाही. पायांच्या संख्येवर एकट्यावर विसंबू नये. प्रौढ माइटला आठ पाय असतात, पण अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्याला सहाच असतात. जुन्या कागदांवर किंवा दमट भिंतीवर पळणारा, सुमारे एक मिलिमीटरचा फिकट जीव आमच्याकडे वारंवार माइट म्हणून येतो. लांब शृंगिका, वेगळे डोके आणि सहा पाय दिसले तर तो बुकलाइस नावाचा कीटक असतो. तो चावत नाही. मुख्यतः बुरशीवर जगतो आणि ओल गेली की कमी होतो.

फडताळावर चालताना नुसत्या डोळ्यांना दिसलेला ठिपका धुळीतील माइट असण्याची शक्यता फार कमी असते. हा माइट गाद्या, उशा आणि गालिच्यांत राहून माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्याला डोळे नसतात, आणि १०० ते ४०० पटींवर त्याच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा दिसतात. या रेषा पहिल्यांदा स्पष्ट दिसण्याचा आनंद प्रत्येक ग्राहकाने घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. पिठातील माइटच्या शरीरावर लांब केस असतात आणि पाय बहुधा गुलाबीसर असतात. तांबूस जीव, ज्याचे पुढचे दोन पाय इतरांपेक्षा बरेच लांब आहेत, तो बहुतेक वेळा बाहेरच्या गवतातून आत आलेला क्लोव्हर माइट असतो. राखाडी जीव रक्त पिऊन लालसर झालेला असेल आणि जवळ पक्ष्यांचे घरटे असेल, तर पक्ष्यांवरील माइटचा विचार करावा.

आम्ही उत्तरात बहुतेक वेळा गट सांगतो, प्रजाती सांगत नाही, आणि काहींना ते अपुरे वाटते. धुळीतील दोन नेहमीच्या प्रजाती वेगळ्या करण्यासाठी नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून अगदी बारीक अवयव पाहावे लागतात. छायाचित्रावरून प्रजातीचे नाव देणे म्हणजे अंदाजाला ओळख म्हणणे होईल. अंगाला खाज का येते, हेही आम्ही सांगत नाही. धुळीतील माइट चावत नाहीत. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतील आणि शरीराच्या अवशेषांतील प्रथिनांच्या ॲलर्जीमुळे, आणि तिचे निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

वर सांगितलेल्या कामासाठी आपल्याकडील साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. ब्रश, कुप्या, ग्लिसरीन, कव्हरस्लिप आणि मिलिमीटर खुणांची पट्टी असा संच आम्ही तयार ठेवतो, पण या वस्तू सुट्या मिळाल्या तरी काम तितकेच चांगले होते. दुसरे उपकरण घ्यायचेच असेल, तर अधिक मोठे दाखवणाऱ्यापेक्षा २० ते ४० पटींचा स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा) सूक्ष्मदर्शक घ्यावा, असा आमचा सल्ला राहील. कापडातून किंवा धुळीतून जीव वेचताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि खोलीचा अंदाज येतो.

आमच्याकडे आधी छायाचित्रेच पाठवावीत: एक एकूण ४० पटींवर (४ पटींच्या ऑब्जेक्टिव्हने), मोजपट्टीसह, आणि एक एकूण १०० पटींवर, पाय व पुढचा भाग स्पष्ट दिसेल असे. अल्कोहोल ज्वलनशील असल्यामुळे कुपी पाठवण्यापूर्वी आम्हाला आणि कुरिअरला विचारून घ्यावे. कुपीत घालायच्या चिठ्ठीवर जीव कोठे आणि कोणत्या तारखेला सापडला, जागा दमट होती का, हे पेन्सिलीने लिहावे, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.