‘ओळखलंस का?’ विचारू नका, गोष्ट सांगा

आजीला अल्झायमर, म्हणजे आठवणी हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार झालाय. सकाळी काय खाल्लं हे तिला सांगता येत नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या नाल्यावर जात होतो, मुकादम कोण होता, सुकडी कशी मिळायची, हे सगळं ती सांगते. घरच्यांना वाटतं, आजी सोयीस्कर विसरते. तसं अजिबात नाही.

नवी घटना मेंदूत पक्की बसायला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग लागतो, आणि अल्झायमरमध्ये इजा होते ती सुरुवातीला याच भागाला. जुन्या, वर्षानुवर्षं उगाळलेल्या आठवणी मात्र मेंदूच्या बाहेरच्या थरात दूरवर पसरलेल्या असतात, त्यामुळे त्या जास्त काळ टिकतात. ताजं आधी जातं, जुनं मागून जातं, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ सालीच नोंदवलं होतं. त्यातही साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात. आज ७८ वर्षांची असलेली बाई १९७२ साली पंचविशीत होती. लाल मिलोची, म्हणजे दुष्काळात मिळालेल्या परदेशी ज्वारीची भाकरी तिला आजही आठवते, ती यामुळेच.

१९६३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी म्हातारपणी गतकाळात रमणं हा आजार नव्हे, ती मनाची गरज आहे, अशी मांडणी केली. त्यातून पुढे आठवणींच्या आधारे गप्पा मारण्याची उपचारपद्धत रुजली. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा उपचाराचे २२ अभ्यास, जवळपास दोन हजार रुग्ण तपासले गेले. बोलणं, मनःस्थिती, जगण्यातलं समाधान यांत थोडा फायदा दिसला, तोही सगळीकडे सारखा नाही. आजार यानं बरा होत नाही. तरी मला हा थोडा फायदा फार मोलाचा वाटतो, कारण त्याला खर्च लागतो तो फक्त वेळेचा.

गोष्ट सांगायची कशी? लातूर-धाराशिवकडच्या घरात वेळ अमावास्येपासून, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या सणापासून सुरुवात करावी. ‘आपण शेतात निघालोय, कडब्याची कोप, म्हणजे खोपी केलीय, आत पांडव मांडलेत, भज्जी आणि उंडे बांधून घेतलेत...’ एवढं सांगून थांबायचं. मग विचारायचं, ‘आजी, आंबिलीत लसूण ठेचून घालायचा की वाटून?’ या प्रश्नाला चुकीचं उत्तरच नाही. ‘मी कोण, ओळख बरं’ ही मात्र परीक्षा असते, आणि त्यात नापास झाल्याचं आजीला कळतं. तिनं साल चुकवलं, नाव चुकवलं, तरी दुरुस्त करू नये.

फोडणीच्या वासानं सगळं परत येईल, अशी आशा अनेकांना असते. पण अल्झायमरमध्ये वासाची जाणीव बऱ्याचदा लवकरच मंदावते. त्यापेक्षा काठवटीत ज्वारीचं पीठ द्यावं. सवयीचं हातकाम मेंदूचे वेगळे भाग सांभाळतात. भाकरी थापता थापता जात्यावरची ओवी ओठांवर येऊ शकते.

२०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीतला मजकूर रुग्ण लवकरच विसरले. मनात उठलेली भावना मात्र मागे उरली. ‘आत्ताच तर सांगितलं ना!’ असं खेकसलेलं आजी विसरेल, पण जीव कशानं कासावीस झालाय हे न कळता तशीच बसून राहील.

म्हणूनच आपल्याकडे मराठवाड्यात एक काळजी जास्त घ्यावी लागते. पंचाऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या मनात निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांच्या अत्याचारांचा काळ असतो, आणि किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट. हे विषय आपण होऊन काढू नयेत. आजीनंच काढला तर मधे न तोडता ऐकावं, ‘जाऊ दे, विसर आता’ म्हणू नये. तिचा श्वास सावरला की हळूच शेताकडे वळावं आणि बैलांची नावं विचारावीत.