घरातील विंचू (वाळवंटी प्रदेश)

वाळवंटी प्रदेशात घरात विंचू निघणे ही नवलाची नव्हे, ऋतुमानाची गोष्ट आहे. रात्री उबदार होऊ लागल्या की विंचू दिसू लागतात आणि थंडी पडली की दिसेनासे होतात, पण म्हणून ते गेलेले असतात असे नाही. विंचू निशाचर आहे. दिवसाचा ताप टाळायला त्याला अंग चोरून बसता येईल अशी फट लागते, ती दगडाखालची असो, झाडाच्या सालीखालची असो वा भिंतीतली. त्याच्या लेखी घर म्हणजे भरपूर भेगा असलेला, आत थोडी ओल धरून ठेवणारा एक मोठा खडक. अंगणातल्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे रातकिडे आणि झुरळे येतात, आणि त्यांच्यामागे विंचू. म्हणून घरात निघालेला विंचू हा बहुधा आधीपासून घरात असलेल्या झुरळांचा पुरावा असतो.

जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. माणसाच्या जिवावर बेतेल असे विष त्यांतल्या मोजक्याच जातींत असते आणि त्या जवळपास सगळ्या ब्यूथिडी या एकाच कुळातल्या आहेत. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंतच्या वाळवंटांत आढळणारा पिवळा लेइयुरस व जाड शेपटीचा अँड्रोक्टोनस हे त्यांतले विशेष घातक. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आणि मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात पसरलेल्या सोनोरन वाळवंटात हा मान सेन्ट्रुरॉयडीस स्कल्प्चुरेटस या जातीकडे जातो. झाडांच्या सालीत राहत असल्याने त्याला साल-विंचू म्हणता येईल. चिमटे बारीक आणि शेपटी जाड तो विंचू जहाल, असा एक आडाखा सांगितला जातो. साल-विंचवाची शेपटी मात्र सडपातळच असते, तेव्हा हा आडाखा चिमट्यांपुरताच धरलेला बरा. त्याच वाळवंटातला केसाळ हॅड्रुरस लांबीला साल-विंचवाच्या जवळजवळ दुप्पट भरतो, पाहूनच अंगावर काटा येतो, पण त्याचा दंश त्यामानाने सौम्य असतो. आकारावरून धास्ती ठरवू नये.

साल-विंचू घरवाल्यांना जास्त छळतो तो चढण्याच्या कसबामुळे. बहुतेक वाळवंटी विंचू जमिनीलगत राहतात. हा मात्र खरबरीत भिंत सरळ चढतो, छतावर जातो आणि वस्तूंच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो. दगड किंवा फळी उचलताना बोटे खालून घातली की दंश होतो, तो याच सवयीमुळे. त्याचे अंग इतके चपटे असते की दोन मिलिमीटरही नसलेली फट त्याला पुरते. काच किंवा गुळगुळीत चिनीमाती मात्र त्याला चढता येत नाही. न्हाणीघरातल्या टबात वा बेसिनमध्ये सकाळी विंचू सापडला की तो नळीतून वर आला असा समज होतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पाण्याच्या वासाने आलेला, वरून घसरून पडलेला आणि बाहेर निघता न आलेला असतो.

समोर दिसलेल्या विंचवावर चप्पल उगारणे ही सगळ्यांचीच पहिली प्रतिक्रिया. पण नेम चुकला की तो भिंतीच्या कडेने सुसाट पळून फटीत शिरतो, आणि मग ती रात्र जागून काढावी लागते. काचेचा रुंद तोंडाचा पेला किंवा बरणी अधिक भरवशाची. ती वरून अलगद पालथी घालावी. आतला विंचू आधी काचेवर पाय मारतो, घसरतो, मग नांगी वर करून थबकतो. तो थबकला की बरणीखालून जाड पुठ्ठा सरकवावा, पुठ्ठा घट्ट दाबून धरत बरणी सुलटी करावी आणि झाकण लावावे. काचेला पकड मिळत नसल्याने तो तळाशीच राहतो. विंचू भिंतीवर असेल तर हातभर लांब चिमटा हवा. मेलेल्या विंचवालाही बोट लावू नये, नांगी काही वेळ आपोआप झटका मारू शकते. मादीच्या पाठीवर पांढुरकी पिल्ले असतील तर फटका मारणे सर्वांत वाईट, कारण ती खोलीभर पांगतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण याच दृश्यावरून आली. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो, आणि ती पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात.

घरात विंचू किती आहेत हे दिवसा कळत नाही. त्यासाठी रात्र आणि अतिनील बॅटरी लागते. विंचवाच्या कवचात अशी द्रव्ये असतात की अतिनील प्रकाश पडताच ते हिरवट निळे चमकते. ३६५ ते ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची साधी हातबॅटरी यासाठी चालते. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी कुंपणाच्या भिंतीवरून ती फिरवली की दिवसा नुसती विटांची रांग वाटणाऱ्या सांध्यांत दोन चिमटे आणि शेपटीचा आकडा झळकताना दिसतो. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, तेवढा एक अपवाद. पाहणी करताना ज्या भिंतीवर विंचू दिसतात त्या भिंतीला खूण करून ठेवावी, फटी बुजवायची सुरुवात तिथूनच होते.

बंदोबस्ताचे खरे काम फटी बुजवण्याचेच आहे. दिवसा घरात अंधार करून दारे बंद करावीत. दाराखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथून विंचूही येऊ शकतो. दाराच्या तळाला रबरी पट्टी, चौकटीच्या सांध्यांत सिलिकॉन, आणि नळ, वायरी, वातानुकूलन यंत्राच्या नळ्या भिंतीतून शिरतात तिथल्या भोकांत तारेचा चोथा किंवा बारीक जाळी ठोसावी. भिंतीतला ओलावा बाहेर पडावा म्हणून ठेवलेली छिद्रे पूर्ण लिंपू नयेत, त्यांना जाळीच लावावी. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडे, विटांचे ढीग, वाळलेल्या झावळ्या हलवाव्यात आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात.

फवारणीवर लोकांचा विश्वास फार आणि उपयोग त्यामानाने थोडा. विंचवाचे कवच मेणचट असते, चालताना त्याचे पोट जमिनीला फारसे टेकत नाही, आणि त्याच्या शरीरातले व्यवहार इतके संथ चालतात की खाण्यावाचून तो महिनोन्‌महिने तग धरतो. झुरळे मारणारे औषध त्याला बाधतेच असे नाही. फवारणीचा गुण येतो तो बहुतांशी त्याचे भक्ष्य घटल्यामुळे. भिंतीच्या कडेला ठेवलेले चिकट सापळे काही विंचू पकडतात, पण त्यांचा खरा उपयोग विंचू कुठून येतो हे कळण्यासाठी.

झोपण्याच्या खोलीत पलंग भिंतीपासून हातभर दूर असावा आणि चादर जमिनीला टेकू नये. तान्ह्या मुलांच्या पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत उभे करणे हा जुना उपाय आहे आणि वर सांगितलेल्या कारणाने तो पटण्याजोगाही आहे, फक्त छतावरून पडणाऱ्या विंचवाला तो अडवत नाही. बूट, हातमोजे आणि जमिनीवर पडलेला ओला टॉवेल झटकल्याशिवाय वापरू नये.

मराठीत विंचू ‘चावतो’, पण तो तोंडाने चावत नाही, नांगीने डंख मारतो. साल-विंचवाच्या दंशाने तीव्र वेदना, मुंग्या आणि बधिरपणा येतो, सूज बहुधा नसते. त्यामुळे जागा पाहून काही झालेच नाही असा भास होतो. दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पट्टी ठेवावी. चीर देणे, विष चोखणे किंवा आवळून दोरी बांधणे यांनी नुकसानच होते. लहान मुलाचे डोळे गरगर फिरू लागले, लाळ गळू लागली, हातपाय झटके देऊ लागले किंवा श्वास अडला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या जातीच्या विषावरच्या प्रतिविषाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. सर्व विंचवांना एकच उपचार लागू पडत नाही. भारतातल्या लाल विंचवाच्या विषाचा आघात हृदयावर होतो आणि त्यावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला.

मांजर पाळले की विंचू येत नाहीत असे सांगतात, पण मांजरालाही दंश होतोच. विंचवाचा खरा काळ सोनोरन वाळवंटातच राहतो. नाकतोडे खाणारा ओनिकोमिस हा उंदीर साल-विंचू पकडून खातो. त्याच्या चेताकोशांतले एक प्रथिन विषाला असे बांधून घेते की वेदनेचा संदेशच अडतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. डंख बसला की हा उंदीर ती जागा क्षणभर चाटतो आणि पुन्हा खायला लागतो.